मदत हवी आहे: क्रिस्टल व्हायोलेटची पावडर उडते, मेथिलीन ब्लूचे गोळे झालेत, सिंक जांभळं पडलंय

लॅब_सहाय्यक_सोलापूर
नमस्कार. सोलापुरातल्या एका पदवी महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेसाठी विचारतोय. कपाटात क्रिस्टल व्हायोलेट आणि मेथिलीन ब्लू या स्लाइड रंगवायच्या पावडरींच्या २५-२५ ग्रॅमच्या उघडलेल्या बाटल्या आहेत, शिवाय सॅफ्रॅनिन आणि मॅलाकाइट ग्रीनची एकेक. फ्यूम हूड (धूळ-वाफ बाहेर ओढणारं बंदिस्त कपाट) नाही. तराजू ०.०१ ग्रॅमचा, तोही नेमका छताच्या पंख्याखाली. ग्रॅम स्टेनसाठी (जिवाणू रंगवून ओळखायची पद्धत) दर पंधरा दिवसांनी २ ग्रॅम क्रिस्टल व्हायोलेट तोलायचं असतं. तोलल्यावर ओटा पुसतो, स्वच्छ दिसतो. पण दुसऱ्या दिवशी नोंदवही, दाराची कडी, नळ सगळीकडे जांभळे ठिपके. मेथिलीन ब्लूचे गोळे झालेत. कपाट लाकडी, काचेच्या दारांचं, पश्चिमेच्या भिंतीला टेकून. मे महिन्यात त्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो.

बाटल्या फ्रिजमध्ये हलवू का? गोळे झालेली पावडर टाकून द्यायची का? सिंक आणि खालची शहाबादी फरशी कशानं साफ होईल, ब्लीच चालेल का?

रंगखाना_एमआयडीसी
फ्रिजमध्ये ठेवा की, थंड राहील. आणि डाग म्हणाल तर ब्लीच मारा, सगळा रंग जातो.

स्लाइडवाला
वरच्या दोन्ही सल्ल्यांवर जरा थांबा, खाली सांगतो. आधी ठिपके दुसऱ्या दिवशी का निघतात ते. कोरडी रंगाची धूळ इतकी बारीक असते की ओट्यावर दिसतच नाही. तिला घाम लागला, ओलं फडकं लागलं की ती विरघळते आणि मग रंग दिसतो. म्हणजे ठिपका आज पडलेला नसतो, काल पडलेला असतो. तोलून झाल्यावर पांढरा टिश्यू स्पिरिटमध्ये जेमतेम ओला करून तराजूची ताटली, बटणं आणि आजूबाजूचा हातभर ओटा पुसा. टिश्यू पांढरा राहीपर्यंत काम संपलं म्हणायचं नाही.

पण खरा उपाय पुसण्यात नाही, पावडर कमी वेळा उघडण्यात आहे. वर्षात चोवीस वेळा २ ग्रॅम तोलायची गरजच काय? ग्रॅम स्टेनच्या हकर पद्धतीत २ ग्रॅम क्रिस्टल व्हायोलेट २० मिली ९५ टक्के अल्कोहोलमध्ये (म्हणजे रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये) आणि ०.८ ग्रॅम अमोनियम ऑक्झलेट ८० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून दोन्ही एकत्र करतात. पहिला भाग म्हणजे सरळ १० टक्क्यांचं द्रावण. अल्कोहोलमध्ये हा रंग त्याहून थोडा जास्त विरघळतो, म्हणून १० टक्क्यांचा साठा एकदाच करून ठेवता येतो.

तोही बाटलीतल्या बाटलीत. झाकणासकट बाटलीचं वजन करा. तळाशी दोन-तीनदा टिचकी मारा, मिनिटभर थांबा, म्हणजे झाकणाला चिकटलेली धूळ खाली बसेल. मग झाकण हळू फिरवून काढा आणि बाटलीच्या कडेनं स्पिरिट ओता, पावडरीच्या मधोमध धार सोडू नका. झाकण लावून हलक्या हातानं फिरवत राहा, विरघळलेलं २५० मिलीच्या तपकिरी बाटलीत काढा. राहिलेलं पुन्हा स्पिरिट घालून तीन-चारदा धुवा, मात्र एकूण स्पिरिट दर ग्रॅमला ७-८ मिलीच्या वर जाऊ देऊ नका. रिकामी बाटली पूर्ण वाळली की झाकणासकट परत वजन. दोन वजनांतला फरक म्हणजे तुमची पावडर. फरक १८.४ ग्रॅम आला तर स्पिरिट घालून एकूण आकारमान १८४ मिली करा. रात्रभर ठेवा, गाळ दिसला तर गाळून घ्या. पुढे दर वेळी २० मिली साठा आणि ८० मिली ऑक्झलेटचं द्रावण, २४ तास ठेवायचं, गाळायचं. साठा संपेपर्यंत चमच्याला पावडर लागणार नाही.

बोअरचं पाणी चुकूनही नको. त्यातल्या कॅल्शियममुळे ऑक्झलेटचा पांढरा गढूळपणा येतो आणि स्लाइडवर खडे दिसतात. विद्यार्थी त्यांना जिवाणू समजून चित्रं काढतात.

लॅब_सहाय्यक_सोलापूर
हे डोक्यात आलंच नव्हतं. पण अल्कोहोलचा साठा उन्हाळ्यात ठेवणं धोक्याचं नाही का?

स्लाइडवाला
आहेच. इथेनॉलची वाफ साधारण १७ अंशांवरच पेट घेण्याजोगी होते. आपल्याकडे जानेवारीतल्या दुपारीसुद्धा पारा त्याच्या वर असतो. त्यामुळे साठ्याची बाटली बन्सन बर्नरच्या ओट्यावर ठेवायची नाही, बंद लोखंडी कपाटात तळाच्या कप्प्यात ठेवायची. बूच घट्ट हवं, नाहीतर स्पिरिट उडून साठा घट्ट होतो आणि कडेला रंगाचे स्फटिक जमतात. रेक्टिफाइड स्पिरिट परवान्यावरचंच वापरा. पॉलिशचं स्पिरिट स्टेनला घेऊ नका, त्यात काय मिसळलंय ते बाटलीवर नसतं.

बफर
फ्रिजचं मी सांगतो. नको. थंड बाटली सोलापूरच्या हवेत उघडली, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, की आत दव धरतं आणि तेच पाणी पावडर शोषते. तुमच्या मेथिलीन ब्लूचे गोळे अशाच ओलाव्याचे. या रंगांना थंडी लागत नाही. कोरडेपणा, अंधार आणि ३० अंशांच्या आतबाहेरची जागा पुरते. पश्चिमेची भिंत सोडा, आतल्या भिंतीचं कपाट घ्या, काचेला आतून खाकी कागद लावा. प्रत्येक बाटली झिपच्या पिशवीत, पिशव्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, सिलिका जेलची पुडी पिशवीत बाटलीच्या बाहेर. पुडी पावडरीत टाकू नका, फाटली तर पावडर गेली. कुणी फ्रिजमध्ये ठेवलीच असेल तर बाहेर काढून तीन-चार तास न उघडता ठेवा.

आणखी एक. कपाट इंग्रजी वर्णमालेनं लावलं असेल तर मेथिलीन ब्लूच्या जवळपास पोटॅशियम डायक्रोमेट आणि परमँगनेट येतात. ऑक्सिडायझर (दुसऱ्या पदार्थाला पेटायला मदत करणारी अशी रसायनं) आणि सेंद्रिय पावडर एका फळीवर ठेवू नयेत. वर्णमाला बिघडली तर बिघडू द्या.

गोळे टाकू नका. स्टेनच्या कामाला काही बिघडत नाही. स्टीलच्या स्पॅच्युलानं हळू दाबा, बाटली आपटून फोडू नका. प्रश्न येतो तो मोजमापाच्या प्रयोगात. कोळशावर शोषण, ६६४ नॅनोमीटरला ऑप्टिकल डेन्सिटी (द्रावण किती प्रकाश अडवतं त्याचं माप), असलं काही करणार असाल तर ओलावा धरून हिशेब करा. थोडी पावडर वेगळी घेऊन १०५ अंशांवर चार तास वाळवा, किती वजन घटलं ते काढा आणि न वाळवलेल्या पावडरीच्या वजनाला तेवढी दुरुस्ती लावा. वाळवलेली पावडर प्रयोगाला घेऊ नका, तापवल्यानं हा रंग बिघडतो. शिवाय लेबलवर रंगाचं प्रमाण लिहिलेलं असतं. ८२ टक्के असेल आणि ०.३ ग्रॅम शुद्ध रंग हवा असेल तर ०.३ भागिले ०.८२, म्हणजे ०.३७ ग्रॅम घ्यायचा.

रंगखाना_एमआयडीसी
मान्य, फ्रिज मागे घेतो. एक विचारतो, राग मानू नका ओ. हे क्रिस्टल व्हायोलेट म्हणजे तोंड आल्यावर लावायचं ते जांभळं औषधच ना? मग एवढी भीती कशाला? आमच्याकडे टॉवेलच्या डाइंगला रंगाचे ड्रम उघडतात.

बफर
रंग तोच, सी. आय. (कलर इंडेक्स, रंगांची यादी) क्रमांक ४२५५५. पण औषध म्हणजे अर्धा-एक टक्क्याचं द्रावण, आणि तुमच्या हातात आहे ती कोरडी पावडर. ती पोटात गेली तर घातक, डोळ्यात गेली तर बुबुळाला कायमची इजा करू शकते, आणि कर्करोगाचा संशय असलेल्या वर्गात तिची नोंद आहे. कॅनडाच्या आरोग्य खात्यानं २०१९ मध्ये त्या औषधाबाबतही इशारा दिला होता. जुन्या जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीचं टोक डोळ्यात गेलं की होणाऱ्या जखमा याच जातीच्या रंगांच्या. म्हणून साधा चष्मा पुरत नाही, बाजू बंद असलेला गॉगल घ्या. सर्जिकल मास्कच्या कडेनं धूळ आत जाते, एन-९५ लावा. हातमोजे नायट्राइलचे, आणि ड्रमच्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांनासुद्धा हेच लागू. त्यांची धूळ काहींना दम्यासारखा कायमचा त्रास लावते.

डोळ्यात गेलं तर पापण्या उघड्या धरून किमान १५ मिनिटं वाहतं पाणी, मग लगेच डोळ्यांचे डॉक्टर. हाताला लागलं तर साबण-पाणी. स्पिरिटनं घासू नका, रंग कातडीत आणखी उतरतो. चार-सहा दिवसांत कातडीबरोबर आपोआप जातो.

डाइंगमधली सुटी पावडर स्वस्तात मिळते म्हणून प्रयोगशाळेत आणू नका, हेही इथेच सांगतो. तिच्यात मीठ, डेक्स्ट्रिन असलं बरंच मिसळलेलं असतं.

स्लाइडवाला
सॅफ्रॅनिन आणि मॅलाकाइट ग्रीन तोलावंच लागेल, तर सकाळी आठच्या आत उरका. एप्रिलमध्ये दुपारी पंखा बंद ठेवा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही. मोठा पारदर्शक प्लास्टिकचा डबा आडवा ठेवा, तळाशी ओला कागद पसरा. बूच असलेली छोटी कुपी तराजूवर शून्य करा, डब्यात नेऊन पावडर घाला, बूच लावा, परत तराजूवर आणा. उघडी पावडर तराजूवर कधीच येत नाही. ०.५० ऐवजी ०.५३ आली तर काढू नका. पाणी त्या प्रमाणात वाढवा. चिमूट काढायच्या नादातच सगळं सांडतं. बाटली बंद करण्याआधी तोंडाच्या आट्या टिश्यूनं पुसून कोरड्या करा.

पावडर सांडलीच तर आधी पंखा बंद. झाडू नाही, फुंकर नाही, व्हॅक्यूम नाही, बादलीभर पाणी तर मुळीच नाही. चिमूटभर रंग अख्खी खोली रंगवतो. ओला टिश्यू वरून अलगद ठेवा, बाहेरून आत गोळा करा, पिशवीत बांधा.

आता ब्लीच. चिनी मातीच्या सिंकला चालतं: बाजारातल्या ब्लीचचा एक भाग, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं, मग भरपूर पाणी. पण आधी स्पिरिट वापरलं असेल तर ते धुऊन, वाळवून मगच. ग्रॅम स्टेनच्या उरलेल्या द्रावणात ब्लीच ओतायचं नाही, त्यात अमोनियम आहे, क्लोरामाइनचा वायू सुटतो. अ‍ॅसिड-अल्कोहोलवर (स्लाइडचा रंग उतरवायचं आम्लाचं द्रावण) ब्लीच पडलं तर क्लोरीन वायू. शहाबादीवर अ‍ॅसिड लावू नका, तो चुनखडीचाच दगड, फसफसून खड्डे पडतात. तिच्यावर स्पिरिटमध्ये भिजवलेला कागद दडपून ठेवा आणि रंग कागदात चढू द्या, चार-पाच वेळा. तरी छटा राहील. दगड सच्छिद्र आहे.

लॅब_सहाय्यक_सोलापूर
आभारी आहे. शेवटचं: स्टेनचं धुवण सिंकमध्ये सोडायचं की नाही?

बफर
स्लाइड ट्रेवर धुवा, पहिलं गडद धुवण कॅनमध्ये जमवा. हे रंग पाण्यातल्या जिवांना फार विषारी आहेत. लिटरला चार-पाच ग्रॅम अ‍ॅक्टिव्हेटेड कोळसा घालून ढवळा, रात्रभर ठेवा, गाळा. रंग उरला तर आणखी कोळसा. हा कोळसा आणि सांडलेले टिश्यू २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतात, ते घंटागाडीत नाही टाकायचे. वेगळ्या डब्यात, लेबल लावून, तारीख घालून ठेवा आणि महाविद्यालयामार्फत अधिकृत संस्थेकडे द्या. कॅनवर 'ब्लीच घालू नये' असं मोठ्या अक्षरात लिहा, कारण सफाईला येणाऱ्या मावशींना आत अमोनियम आहे हे कसं कळणार?