खालचं शिखर म्हणजे ट्रायॉनच, असं लगेच ठरवू नये
अर्धवाहकातून निघणाऱ्या प्रकाशाच्या वर्णपटात एक्सिटॉनच्या (इलेक्ट्रॉन आणि होल, म्हणजे इलेक्ट्रॉनची धन प्रभारासारखी वागणारी रिकामी जागा, यांची जोडी) खाली, कमी ऊर्जेला दुसरं शिखर दिसलं की तो ट्रायॉन (एक्सिटॉनला आणखी एक इलेक्ट्रॉन किंवा होल जोडून झालेला प्रभारित कण), असं म्हटलं जातं; ते विधान अपुरं वाटतं. मॉलिब्डेनम डायसेलेनाइड या अर्धवाहकाच्या एकेरी थरात, अतिथंड तापमानाला, उदासीन एक्सिटॉन सुमारे १.६५ इलेक्ट्रॉनव्होल्टला आणि ट्रायॉन त्याच्या साधारण ३० मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट खाली दिसतो, हे खरं. पण स्फटिकातल्या दोषांत अडकलेले एक्सिटॉनही खालीच उजळतात.

खरी कसोटी गेट व्होल्टेजची, म्हणजे थरातले प्रभार कमीजास्त करणाऱ्या बाहेरच्या विद्युतदाबाची. जादा इलेक्ट्रॉन भरत गेलं की उदासीन शिखर मावळतं आणि ऋण ट्रायॉनचं वाढतं. उलट दिशेला होल भरले की धन ट्रायॉन वर येतो. मधल्या प्रभारविरहित पट्ट्यात उदासीन एक्सिटॉन एकटाच झळकतो. अर्धवाहकांच्या अभ्यासात याहून देखणा आलेख मी तरी पाहिलेला नाही!

लेसरची शक्ती बदलून पाहण्यावर मात्र एकट्यावर विसंबू नका. उदासीन एक्सिटॉन आणि ट्रायॉन, दोघांचीही तीव्रता साधारण समप्रमाणातच वाढते. त्यातून बायएक्सिटॉन (दोन एक्सिटॉनांची जोडी) किंवा शक्ती वाढवल्यावर मागे पडणारा, दोषात अडकलेला एक्सिटॉन वेगळा ओळखायला मदत होईल. गेट नसेल तर शिखराचा आकार नीट बघा. ट्रायॉन प्रकाश देऊन संपतो तेव्हा मागे उरलेला इलेक्ट्रॉन थोडी ऊर्जा घेऊन जातो, म्हणून त्याच्या शिखराला कमी ऊर्जेकडे शेपूट येतं. तापमान वाढवत नेलं की ते शेपूट आणखी लांबतं.