मदत हवी आहे: थंडीत बटेरांना हीटर लागतोच का?

निफाडजवळ राहतो, पहाटे पारा सात-आठवर येतोय. सहा जपानी बटेर आहेत, एक नर, बाकी माद्या, पिल्लं नाहीत. पिंजरा पडवीत. घरात आणता येत नाही, आईला दमा आहे. तीन बाजूंनी बारदान बांधलंय, खाली भाताच्या तुसाचा जाड थर. वारा अडला, पण सकाळी विष्ठेचा वास डोळ्यांना झोंबतो, म्हणून वर चार बोटं फट ठेवतो. खाणं-पाणी ठीक; पहाटे मात्र पिसं फुगवून कोपऱ्यात बसतात. अंडी बंद आहेत, त्याची घाई नाही. साठचा पिवळा बल्ब लावला तर रात्रभर टोचाटोची, एकीच्या डोक्यावरची पिसंच गेली. शिवाय वीज कधीही जाते. मोठ्या पक्ष्यांना उजेड न देणारा सिरॅमिक हीटर लागतोच, की कोरडं आणि वाऱ्याआड ठेवलं तरी भागतं?