फोकस अंगठ्याने करावा की तर्जनीने? बॅक बटण फोकसविषयी चर्चा

धागाकर्ता, पैठण

नवा कॅमेरा हाती येतो तेव्हा शटरच्या बटणावर दोन कामे सोपवलेली असतात. ते अर्धे दाबले की फोकस होतो आणि पूर्ण दाबले की छायाचित्र निघते. माझे मत असे आहे की ही दोन कामे पहिल्याच आठवड्यात वेगळी करावीत. फोकसचे काम कॅमेऱ्याच्या पाठीवर उजव्या अंगठ्याखाली येणाऱ्या बटणाकडे द्यावे आणि तर्जनीकडे केवळ छायाचित्र घेण्याचे काम ठेवावे. यालाच बॅक बटण फोकस म्हणतात. कॅननने ही सोय १९८९ साली ईओएस ६३० या फिल्म कॅमेऱ्यात दिली होती, त्यामुळे हे कालपरवाचे खूळ नव्हे. तरीही आपल्या भागातील बहुतेक हौशी छायाचित्रकार कॅमेरा दुकानातून जसा आला तसाच वर्षानुवर्षे वापरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझा अनुभव नाथसागराच्या काठावरचा आहे. हिवाळ्यातल्या एका सकाळी पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या खोडावर एक नदी सुरय बसला होता. कॅमेरा कंटिन्युअस फोकसवर होता, म्हणजे बटण दाबून धरले असेपर्यंत फोकस विषयामागे बदलत राहतो अशा मोडवर. अंगठा दाबून त्याच्या डोळ्यावर फोकस केला, अंगठा उचलला आणि पक्षी डाव्या बाजूला येईल अशी चौकट धरून पाच-सहा छायाचित्रे घेतली. मधला फोकस बिंदू आता मागच्या पाण्यावर होता, पण अंगठा उचललेला असल्यामुळे लेन्स जागची हलली नाही. तेवढ्यात सुरय उडाला. पक्षी पुन्हा मधल्या बिंदूखाली घेऊन अंगठा दाबून धरला आणि कॅमेरा त्याच्यामागे जाऊ लागला. हेच काम तर्जनीने करायचे तर बसलेल्या पक्ष्यासाठी एक मोड आणि उडत्या पक्ष्यासाठी दुसरा, अशी निवड आधीच करून ठेवावी लागते, आणि पक्षी काही आपली निवड होईपर्यंत थांबत नाही.

पहिला प्रतिसाद, लातूर

धागाकर्त्यांचा पक्षीनिरीक्षणाचा अनुभव मला मान्य आहे, परंतु ‘पहिल्याच आठवड्यात’ हा आग्रह मला अजिबात पटत नाही. मी लग्नाची कामे घेतो. लग्नात कॅमेरा एकाच माणसाच्या हाती राहत नाही. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यातील एका लग्नात शेवटचे मंगलाष्टक सुरू असताना मला स्टेजच्या दुसऱ्या बाजूला जावे लागले आणि मी माझा कॅमेरा नव्या सहायकाच्या हाती दिला. तेव्हा त्यात फोकस अंगठ्यावर होता. मुलगा हुशार होता, पण त्याच्या हाताला तर्जनीची सवय होती. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, त्याने बावीस छायाचित्रे घेतली, आणि त्या सर्वांत मागच्या फुलांच्या तोरणावर फोकस होता. कारण मी तिथे शेवटचा अंगठा दाबला होता. चूक माझी होती हे मी मान्य करतो, पण त्या कुटुंबाला तो क्षण पुन्हा कोण देणार?

दुसरा मुद्दा अंगठ्याचा. बऱ्याच कॅमेऱ्यांत मागची चकती त्याच अंगठ्याने फिरवावी लागते. मांडवातून वरात उन्हात निघाली की शटरचा वेग तात्काळ बदलावा लागतो. तेव्हा अंगठा फोकस सांभाळील की चकती? शिवाय निकॉनच्या अनेक कॅमेऱ्यांत केवळ एएफ-ऑन (पाठीवरचे फोकसचे बटण) दाबल्याने लेन्समधील कंपनरोधक यंत्रणा सुरू होत नाही, त्यासाठी शटरचे बटण अर्धे दाबावेच लागते. लांब लेन्स हातात धरून चौकट ठरवणाऱ्या नवख्या माणसाला दृश्य का थरथरते आहे, हेच कळत नाही.

दुसरा प्रतिसाद, नांदेड

मी धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे. आमच्याकडे होळीनंतर होला मोहल्ला या शीख सणाच्या दिवशी हल्लाबोल ही मिरवणूक निघते. निहंगांचे, म्हणजे शीख योद्ध्यांचे, घोडे गर्दीतून भरधाव येतात आणि कॅमेऱ्यासमोर सतत कोणाचा हात, कोणाचे निशाण आडवे येते. अंगठ्यावर फोकस असेल तर निशाण आडवे आले की अंगठा उचलायचा, ते गेले की पुन्हा दाबायचा, आणि या सर्व काळात तर्जनी छायाचित्रे घेत राहते. तर्जनीवर फोकस ठेवून मी तीन वर्षे हेच करून पाहिले. त्या छायाचित्रांत घोड्यांपेक्षा निशाणांची कापडे अधिक स्वच्छ आली आहेत. हाताला नवी सवय लागायला मला जेमतेम दोन आठवडे लागले.

तिसरा प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगर

माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. ‘फोकस करा, अंगठा उचला, चौकट हलवा’ ही पद्धत मोठ्या अ‍ॅपर्चरवर, म्हणजे लेन्सचे छिद्र बरेच उघडे असताना, फसवी आहे. पूर्ण फ्रेमच्या (मोठ्या, ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर एफ १.८ आणि चेहरा दीड मीटरवर असे धरा. स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे १० सेंटिमीटरचा, म्हणजे डोळ्याच्या पुढे-मागे साधारण पाच-पाच सेंटिमीटर. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस करून कॅमेरा १५ अंश वळवला, तर फोकसची पातळी डोळ्याच्या सुमारे पाच सेंटिमीटर मागे जाते. डोळा पट्ट्याच्या अगदी कडेला येतो, कान मात्र लख्ख दिसतो, आणि माणूस लेन्सला दोष देत बसतो.

आता तर कॅमेरा स्वतःच डोळा ओळखतो. सोनीच्या ए७ थ्रीमध्ये त्यासाठी आधी वेगळे बटण धरावे लागत असे; २०१९ च्या फर्मवेअरनंतर (कॅमेऱ्यातल्या आज्ञावलीच्या सुधारणेनंतर) शटर अर्धे दाबले तरी पुरते. डोळा चौकटीच्या कोपऱ्यात असला तरी फोकस तिथेच राहतो, चौकट हलवण्याची गरजच उरत नाही. मग नव्या मुलांना अंगठ्याची कसरत शिकवण्यामागचा हेतू काय?

धागाकर्ता, पैठण

१५ अंशांचा हिशेब मी स्वतः करून पाहिला, तो बरोबर आहे. जवळच्या चेहऱ्यासाठी चौकट हलवण्यापेक्षा फोकस बिंदूच डोळ्यावर न्यावा, ही दुरुस्ती मी स्वीकारतो. माझा सुरय बराच दूर होता आणि अ‍ॅपर्चर लहान होते, म्हणून मला तो दोष जाणवला नाही.

परंतु डोळा ओळखणारी यंत्रणा आली म्हणून अंगठ्याचे काम संपले, हे मला मान्य नाही. ती यंत्रणा अंगठ्याच्या बटणावरही चालते, त्यामुळे या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत. आणि लातूरकर मित्रांच्या अक्षतांचेच उदाहरण घेतो. वधूवरांच्या चेहऱ्यांसमोर तांदळाचे दाणे हवेत असतात तेव्हा चालू असलेला फोकस दाण्यांवर उडी मारू शकतो. अंतरपाट दूर होताच अंगठ्याने चेहऱ्यावर फोकस करून अंगठा उचलला, तर अक्षता कितीही पडोत, लेन्स हलत नाही.

ज्यांच्याकडे कॅननचा १५००डी आहे त्यांच्यासाठी एक सूचना. शटर आणि एई लॉक बटणाच्या पर्यायांत १ निवडल्यास चांदणीची खूण असलेल्या बटणाने फोकस होतो, पण शटर अर्धे दाबताच एक्सपोजर (छायाचित्रात किती उजेड घ्यायचा ते प्रमाण) लॉक होते. वेगाने बदलणाऱ्या उजेडात ३ हा पर्याय घ्यावा. त्यात फोकस चांदणीवरच राहतो आणि एक्सपोजर लॉक होत नाही.

पहिला प्रतिसादकर्ता, लातूर

अक्षतांचा मुद्दा मला विचारात घ्यावा लागेल, कारण दाण्यांवर फोकस गेलेली छायाचित्रे माझ्याही संग्रहात आहेत. लग्नसराई संपल्यावर मी माझ्या स्वतःच्या कॅमेऱ्यावर महिनाभर हा प्रयोग पुन्हा करीन आणि चकती फिरवताना अंगठ्याची किती ओढाताण होते ते येथे प्रामाणिकपणे लिहीन. सहायकाच्या कॅमेऱ्यात मात्र फोकस तर्जनीवरच राहील, आणि मांडवात यापुढे आमचे कॅमेरे एकमेकांच्या हाती जाणार नाहीत.