पर्किन्स घराणे : अंधशाळेवरील नाव आणि अफूच्या पेट्या

गोदाकाठ (धागाकर्ता)

आपल्याकडील अंधशाळांत ब्रेल उमटवण्यासाठी जे सहा कळांचे यंत्र वापरतात, त्यावरील ‘पर्किन्स’ हे नाव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अंधशाळेवरून आले आहे. हेलन केलर आणि त्यांच्या शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन याच शाळेच्या विद्यार्थिनी. शाळेला हे नाव मिळाले ते बोस्टनचे व्यापारी आणि राज्याच्या सेनेटचे अनेक वर्षांचे सभासद कर्नल थॉमस हँडासिड पर्किन्स (१७६४–१८५४) यांच्यामुळे, कारण १८३३ मध्ये त्यांनी पर्ल स्ट्रीटवरील आपला राहता वाडा शाळेसाठी देऊ केला.

त्यांच्या चरित्राचा हा उत्तरार्ध सर्वत्र सांगितला जातो. पूर्वार्ध असा, की थोरले बंधू जेम्स यांच्यासह त्यांनी फ्रेंचांच्या सेंट-डोमिंग वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, पेढी चालवली आणि पीठ, मासळी, घोडे यांच्याबरोबरच गुलामांचाही व्यापार केला. १७९१ च्या गुलामांच्या उठावानंतर तो धंदा बुडाला, तेव्हा दोघा भावांनी आपला जम चीनच्या व्यापारात बसवला, आणि पुढे स्मर्नाहून (आजचे इझमीर) तुर्की अफू चीनमधील कँटन (आजचे ग्वांगझू) बंदरात नेऊन मोठी संपत्ती मिळवली. चीनमध्ये त्या वेळी अफूवर बादशाही बंदी होती. अशा माणसाचा परिचय केवळ ‘दानशूर’ या एका शब्दात उरकणे मला अप्रामाणिक वाटते.

जुनी पेठ

असहमत. दोनशे वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्याला आजच्या तराजूत तोलण्याची आपल्याला सवय लागली आहे. बंगालच्या अफूचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीकडे होता आणि कंपनी कलकत्त्यात तिचा जाहीर लिलाव करीत असे. अमेरिकन व्यापारी तुर्कस्तानकडे वळले ते या मक्त्यामुळेच. ज्या धंद्यात एक सरकारच उतरले होते, त्यात एका बोस्टनकराला एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे न्यायाचे नाही.

शिवाय या घराची परोपकाराची परंपरा अफूच्या आधीची आहे. १७७३ मध्ये वडील वारल्यावर आई एलिझाबेथ यांनी आठ मुलांचा संसार सांभाळत दुकान स्वतः चालवले, आणि १८०० मध्ये बोस्टनमध्ये अनाथ मुलींसाठी आश्रम निघाला तेव्हा संस्थापकांत त्या होत्या. दानत ही पापक्षालनासाठी नंतर चिकटवलेली नव्हती, ती घरातच होती.

गोदाकाठ

आईंविषयी आपण लिहिले ते रास्त आहे आणि मूळ लेखात ते यायला हवे होते. परंतु ‘तो काळच तसा होता’ हा युक्तिवाद या माणसाच्या बाबतीत टिकत नाही, कारण त्याच्याच राज्याच्या विधिमंडळाने मार्च १७८८ मध्ये कायदा करून आपल्या नागरिकांना गुलामांच्या व्यापारात भाग घेण्यास मनाई केली होती. म्हणजे हा तराजू आजचा नव्हे, बोस्टनचाच आणि त्याच पिढीचा आहे. पुढे त्याच विधिमंडळात पर्किन्स सेनेटर म्हणून बसले.

शाईची दौत

आपण दोघेही एका माणसाविषयी भांडत आहात, पण हा धंदा कुटुंबाचा होता. भाचा जॉन पर्किन्स कुशिंग १८०३ मध्ये कँटनला गेला तो सोळा वर्षांचा असताना. ज्याच्या हाताखाली त्याला पाठवले होते तो वरिष्ठ लवकरच वारला आणि कारभार या पोरसवदा भाच्याच्या हाती आला. त्याने हाऊक्वा या बलाढ्य चिनी व्यापाऱ्याशी असा विश्वास जोडला, की तो सुमारे पंचवीस वर्षे तेथेच राहिला. कर्नलसाहेबांच्या आणखी एका बहिणीचे मुलगे, म्हणजे फोर्ब्स बंधू, त्याच वाटेने गेले. त्यांपैकी जॉन मरे फोर्ब्स यांनी चीनमध्ये कमावलेले भांडवल पुढे अमेरिकेच्या रेल्वेत घातले. कर्नलसाहेबांची नात एलिझाबेथ कॅरी अ‍ॅगासिझ या रॅडक्लिफ या महिला महाविद्यालयाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. आता या साखळीतील कोणत्या कडीपर्यंत अफूचा वास येतो आणि कोठे थांबतो, हे कोण ठरवणार?

जुनी पेठ

नेमके हेच मला म्हणायचे होते. हाच न्याय लावायचा तर मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यापाशीही थांबावे लागेल. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि त्यांच्या संपत्तीत तिचा वाटा मोठा होता. १८४५ चे जे. जे. रुग्णालय त्यांच्याच देणगीतून उभे राहिले. तेथे उपचार घेताना आपल्यापैकी कोणी हिशेब विचारतो का?

गोदाकाठ

विचारत नाही, आणि मुंबईच्या शाळांतील मुलांना तो सांगायला हवा, असेच माझे मत आहे. नाव पुसा, असे मी कोठेही म्हटलेले नाही. शाळेचे पहिले संचालक सॅम्युएल ग्रिडली हाऊ पुढे गुलामगिरीचे कट्टर विरोधक म्हणून गाजले, आणि त्यांची शाळा वाढली ती याच वाड्यात; ही विसंगती लपवल्याने शाळेचा मान वाढत नाही.

उंबरठा

एक तपशील दोन्ही बाजूंकडून सुटला आहे. पर्किन्स यांनी वाडा देऊ केला तो अट घालून : बोस्टनकरांनी शाळेसाठी ५०,००० डॉलरचा निधी जमवावा. लोकांनी तो जमवला, त्यासाठी शहरातील स्त्रियांनी जत्रा भरवली. काही वर्षांतच वाडा अपुरा पडू लागला, तेव्हा १८३९ मध्ये पर्किन्स यांच्या संमतीने तो देऊन साउथ बोस्टनमधील एका हॉटेलची मोठी इमारत घेण्यात आली आणि शाळेला त्यांचे नाव लागले. जत्रेत वस्तू विकून पैसे उभे करणाऱ्या त्या बायकांची नावे मात्र कोणत्याही यंत्रावर कोरलेली नाहीत.