पद्मिनीच्या दाराला भोक पाडणाऱ्यांनो, जरा थांबा

तिसरा_गिअर
काल एका सद्गृहस्थांनी आपल्या १९७८च्या प्रीमियर पद्मिनीचे, म्हणजे फियाटच्या नमुन्यावर बनलेल्या जुन्या गाडीचे, फोटो टाकले. दोन्ही दारांना नवेकोरे क्रोमचे आरसे. खाली लिहिलंय, "ड्रिल मारा, बोल्ट आवळा, वीस मिनिटांत काम फत्ते. एवढं काय!" आणि खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. मला राहवलं नाही.

अहो, वीस मिनिटांत भोक पडतं, आरसा बसत नाही. दाराच्या आतल्या बाजूचा पुठ्ठा न काढता ड्रिल मारलं की बिट कुठे थडकतंय ते कळत नाही. काच उतरते ती त्याच पोकळीत. मी एक गाडी पाहिली, तिच्या काचेवर वरपासून खालपर्यंत सरळ रेघ, आतून बोल्टचं टोक घासत होतं. भोकाच्या कडेला प्रायमर नाही, आरशाखाली रबर नाही, म्हणजे पहिल्याच पावसात पाणी आत. दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बहुतेकांची चिखलाने बुजलेली असतात. त्या गाडीचं दार उघडलं की आत खळखळ आवाज यायचा. टिंकरने, म्हणजे पत्रा दुरुस्त करणाऱ्याने, स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तर आरपार. आता लांबी (पुट्टी) भरा आणि गप्प बसा.

नवं दार कुठून आणणार? ती बनवणारा कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन दोन तपं झाली. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. टॅक्स्या होत्या तोवर सुटे भाग बनत होते. आरसे पुढच्या चाकांवरच्या मडगार्डवर लावा, तिथेच शोभतात.

कुर्ला_कार्ब्युरेटर
"शोभतात" म्हणे! मी पद्मिनी चालवतो, तुमच्यासारखी कव्हराखाली झाकून ठेवत नाही.

माझेही आरसे मडगार्डवरच होते. बशीएवढी काच, तीही फुगीर, त्यात मागचा मोटारसायकलवाला उंदराएवढा दिसायचा. त्यात सिग्नलला इंजिन मंद गतीवर आलं की आरसा थरथरायचा आणि सगळं जग धूसर. २०१६ला सायनला डावीकडे वळताना एक पोरगा असाच निसटला नजरेतून. गुडघा फुटला त्याचा. त्याची आई हॉस्पिटलात माझ्याकडे बघत होती, बोलली काहीच नाही. पुढच्या रविवारी दाराला भोकं पाडली. पत्रा कुजला तर कुजला.

तिसरा_गिअर
वाईट झालं, मान्य. पण वळण्याआधी मान वळवून बघायला मडगार्डने मनाई केली नव्हती. जपानमध्ये १९८३पर्यंत आरसे मडगार्डवरच असायचे, तिथे काय सगळे एकमेकांना धडकत होते?

कुर्ला_कार्ब्युरेटर
जपानात डावीकडून फुटपाथवरून ओव्हरटेक करतात का, तेवढं सांगा.

नानापेठी
दोघांनाही दंडवत. एका डुक्कर फियाटसाठी एवढा गळा काढताय!

मिलेचेंतो
पद्मिनीला डुक्कर म्हणू नका. हात जोडून सांगतो. डुक्कर फियाट म्हणजे पन्नासच्या दशकातली, गोल पाठीची. माझ्या आजोबांकडे १९५६ची होती. पुढची दारं उलटी उघडायची, बिजागरी मधल्या खांबाला. आजीचा पदर त्या दारात दोनदा अडकला, ती शेवटपर्यंत तिला "मेलं डुक्कर" म्हणायची.

नानापेठी
आमच्या सांगलीत सगळ्याच फियाटला डुक्कर म्हणायचे.

मिलेचेंतो
सांगलीत काय म्हणायचे त्यावरून इतिहास ठरत नाही. पद्मिनी हे नाव १९७४चं, अंग चौकोनी. चौकोनी डुक्कर कुणी पाहिलंय?

नानापेठी
सांगलीवर घसरायचं काम नाही! माझ्या काकांचं गॅरेज होतं, रोज चार फियाटी यायच्या. तुमच्या आजोबांची एकच, तीही बहुधा ढकलत.

घाटातला_दुसरा
इथे काय चाललंय? मुद्दा आरशांचा होता ना?

मिलेचेंतो
मुद्द्यावरच आहे. उलट्या दाराची पुढची कड मोकळी असते. तिथे आरसा लावला तर दर वेळी दार आपटलं की तो हलणार. म्हणून आमच्या गाडीला मडगार्डवरच होते. त्याची नक्कल सरळ दाराच्या पद्मिनीवर करायचं काय कारण? म्हणजे, नाइलाजाने, कुर्लेकरांचं बरोबर आहे.

कुर्ला_कार्ब्युरेटर
"नाइलाजाने" साठी आभार. फ्रेम करून लावतो.

घाटातला_दुसरा
आणि ती जुन्या गाड्यांची खास व्हिंटेज नंबरपाटी? ५० वर्षं झाली की मिळते म्हणतात, पण गाडी मुळात होती तशी हवी.

कुर्ला_कार्ब्युरेटर
फोटोतली गाडी ७८ची आहे, ५० व्हायला २०२८ उजाडेल. आणि नियमात बदल नको तो चेसी, बॉडी, इंजिनात. आरसा यातलं काय? आधी पंधरा वर्षांनंतरचं दर पाच वर्षांचं आरटीओचं पासिंग करून दाखवा, मग व्हिंटेजच्या गप्पा. मागच्या खेपेला माझे तीन दिवस गेले, एका लायटीपायी.

तिसरा_गिअर
बरं. भोक पाडायचंच असेल तर निदान असं पाडा. पुठ्ठा काढा. ज्याला चालवायची त्याला सीटवर बसवा आणि आरसा हातात धरून जागा ठरवा, नुसत्या अंदाजाने नाही. दाराच्या पुढच्या कोपऱ्यातली छोटी त्रिकोणी काच पूर्ण उघडून बघा, आरशाला लागते का. मोठी काच वर चढवून मगच ड्रिल. आधी पंचने खूण, मग बारीक बिट, मग मोठं. कडा कानसीने घासा, प्रायमर लावा, सुकू द्या. आतून पत्र्याची पट्टी, बाहेरून रबर, बोल्ट आखूड. शेवटी काच खालीवर करून कान द्या. अख्खा दिवस जातो, वीस मिनिटं नाही.

माझ्या गाडीला मात्र मी हे करणार नाही.

कुर्ला_कार्ब्युरेटर
पावलो! कबूल करायला जड जातंय, पण माझ्या उजव्या दारातून पाणी गळतं. पट्टी टाकली नव्हती.

क्रोमवाला७८
मीच तो फोटोवाला. काल टोमणे वाचून चिडलो होतो. आज काच उतरवली तर अर्ध्यावर अडकते. रबर कुठे मिळेल?

नानापेठी
विकत कशाला घेता? स्कूटरची जुनी ट्यूब कापा, आरशाच्या बुडाच्या मापाने. आणि बोल्ट आधी काढा, काच फुटायच्या आत.

मिलेचेंतो
ट्यूबचं बरोबर. डुक्करचं अजूनही चूक.