तापोळ्याला कॅराव्हॅन घेऊन मुक्काम आणि गळ: काय काय बघावं?

प्रश्न: सांगलीहून आठ जण, एक कॅराव्हॅन, एक जीप. जानेवारीत शिवसागरच्या (कोयना धरणाच्या जलाशयाच्या) काठावर दोन रात्री राहायचं, मासे धरायचे. होडीने बेटावर तंबू ठोकता येईल का?

उत्तर १: बेटाचा नाद सोडा. कोयना अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय मुक्कामही नाही नि गळही नाही. अलीकडच्या काठावर शेतमालकाला विचारून राहा. मासेमारीचा ठेका बहुधा सहकारी संस्थेकडे असतो, त्यांनाही आधी विचारा.

गाडी पाण्याजवळ नेऊ नका. पाणी ओसरलेली जमीन वरून भेगाळलेली, कडक दिसते, आत गाळ. चाक रुतलं की ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. महाबळेश्वरहून उतरताना पाण्याची टाकी रिकामी ठेवा, १०० लिटर म्हणजे १०० किलो. उतार पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. ब्रेक दाबून धरला तर तापतो आणि ऐन वळणावर लागत नाही.

उत्तर २: बॅटरी १०० एएचची (अँपिअर-तासाची) साधी लेड-अ‍ॅसिड असेल तर निम्मीच वापरायची. फ्रिज सरासरी ४ अँपिअर ओढतो, म्हणजे बारा तासांत खेळ खलास. बर्फाची पेटी बरी.

उत्तर ३: रोहूसाठी ०.३० मिमी दोरा, ६ नंबरचा गळ. कणीक, भाजलेली शेंगदाणा पेंड, थोडा रवा घट्ट मळा. सैल झाला तर फेकतानाच गोळा सुटतो. थंडीत मासा मंद, चारा कमी टाका. मरळ हवा असेल तर गवताच्या कडेला गांडूळ.

प्रश्नकर्ता: बेट रद्द. पेंड घाण्यावरून आणतो.