सलाईनचा स्टँड नाही आणि आपण महासत्ता?

पंचगंगाकाठ: काल आईला सरकारी दवाखान्यात नेलतं, सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेली आणि बाहेर टीव्हीवर चांद्रयानाचं कौतुक नि आपली इकॉनॉमी जगात कितवी याची चर्चा. मलाच खटकतंय का राव?

तांबडापांढरा: भावा, चांद्रयानाला नावं ठेवू नको, चांद्रयान-३ चं बजेट ६१५ कोटीच्या आसपास, त्यानं दवाखाने अडलेले नाहीत. २०१७ च्या आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्के सरकारी खर्च करू म्हणून लिहिलतं, ते गाठलंच नाही, तिथं विचारा की.

मिसळवाला: शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं नि मोफत केलं, संस्थान केवढंसं होतं!

पंचगंगाकाठ: व्हय. सुतळी मीच आणलीती, शेजारच्या बेडला पण दिली.